झिपरी आणि मुद्दा चौथा

तुमच्या दारासमोर जे झुडूप उभं आहे, त्याचं नाव तुम्हाला सांगता येईल का? शेजाऱ्याच्या गाडीचं मॉडेल तुम्हाला माहीत असतं, त्याच्या कुत्र्याची जात माहीत असते, त्याचा मुलगा सध्या कुणाबरोबर फिरतो हेही माहीत असतं. पण रोज ज्याच्या अंगाला घासून तुम्ही फाटक उघडता, ते झाड कोण, कुठलं, त्याला काय सोसतं आणि काय सोसत नाही, हे सांगता येईल?

मलाही सांगता आलं नसतं. फरक एवढाच की मी त्यावर पत्रक काढलं होतं.

पत्रकांचं वेड मला घरातून मिळालं. पुण्यात आमच्या दोन खोल्यांत सोफा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. त्यांच्यावर सतरंजी टाकली की पाहुणे बसत. गठ्ठा संपत आला की पाहुणे खाली खाली जात आणि बाबा नवं पत्रक लिहायला घेत. पाणी जपा, प्लास्टिकची पिशवी सोडा, बुवाला हात दाखवू नका, फटाके उडवू नका. मी अक्षरं या कागदांवर शिकले. इतर मुलांना 'अ' म्हटलं की अननस आठवायचा, मला 'अन्यथा' आठवायचं. बाबांचं प्रत्येक पत्रक एकाच शब्दानं संपायचं: 'आजच.' उद्या म्हटलं की माणूस परवा करतो आणि परवा म्हटलं की विसरतो, असं ते म्हणत.

बाबा लिहीत आणि आई वाटे. कुठल्या जिन्यात कुत्रा आहे, कुठल्या घरात कागद दिला की चहा मिळतो आणि कुठल्या घरात त्याच कागदावर भजी निथळत ठेवतात, हे तिला पाठ होतं. गंमत म्हणजे, बाबांच्या बुवाविरोधी पत्रकांच्या कपाटातच वरच्या फळीवर डाळीच्या डब्यांमागे तिचे देव होते. बाबांनी पंचवीस वर्षं तुरीच्या डाळीचा डबा हलवला नाही. यालाच मी सुखी संसार समजत आले.

आता मी न्यूझीलंडमध्ये, लोअर हटला राहते. इथल्या हॉस्पिटलच्या औषधविभागात फार्मसिस्ट आहे. दिवसभर लोकांना सांगते की जास्त घेतलं म्हणजे लवकर बरं होत नाही. भाड्याचं छोटं घर आहे, पुढे अंगणाचा एक तुकडा, त्यावर लॉन. गेल्या उन्हाळ्यात काउन्सिलचं एक पत्रक पेटीत येऊन पडलं. पाऊस नाही, स्प्रिंकलर लावू नका, पाणी जपून वापरा. आख्ख्या गल्लीत ते पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी मी एकटीच असणार. वाचून मी खिडकीबाहेर पाहिलं. माझं लॉन तहानेनं पिवळं पडलं होतं. जे गवत कुणी खात नाही, ज्यावर कुणी खेळत नाही, ज्याला फक्त पाणी पाजायचं आणि मग कापायचं, ते आपण का पोसतो? घरमालकाला फोन केला. लॉन कापण्याची कटकट वाचणार हे लक्षात आल्यावर तो म्हणाला, पुढच्या बाजूला काय हवं ते कर.

मी ते लॉन उपटलं. हाताला फोड आले, ते मी हॉस्पिटलात सगळ्यांना दाखवले. आणि कमी पाण्यावर तगणारी इथली झुडपं आणून लावली, अकरा. हेबेची चार, बारीक वेड्यावाकड्या काड्यांच्या कोरोकियाची तीन, बाकीची जमिनीसरशी पसरणारी. रोपवाटिकेतल्या बाईनं बजावलं होतं की पहिले काही आठवडे बेताचं पाणी, मग त्यांचं त्यांना राहू दे. या झाडांना ओल्या पायांनी उभं राहायला आवडत नाही.

झाडं लावली आणि त्याच आठवड्यात आई आली.

आई सहा महिन्यांसाठी आली होती, पण पहिल्या महिन्यातच तिचं मन उडालं. मी सकाळी कामावर जायची ती संध्याकाळी यायची. टीव्हीवर रग्बी. रस्त्यावर माणूस नाही. बाबा पुण्यात कसल्याशा परिषदेच्या तयारीत. दुपारी तीन वाजता तिचा मला मेसेज यायचा की आत्तापर्यंत अकरा गाड्या गेल्या. एक दिवस जेवताना तिनं सहज स्वरात विचारलं की परतीचं तिकीट अलीकडे आणता येतं का. मी म्हटलं, बघू. त्या 'बघू'चा अर्थ दोघींनाही कळला. मला ती हवी होती. सात वर्षं एकटीनं कुकर लावल्यावर दुसऱ्या कुणीतरी मोजलेल्या शिट्ट्या काय वाटतात, ते ज्याला कळतं त्याला कळतं.

तिला करायला काहीतरी हवं होतं, आणि दारात अकरा झुडपं होती. मी पाणी घालू नको म्हणून सांगितलं होतं. ती हो म्हणाली होती. पण आमच्याकडे सकाळी आंघोळ झाली की तांब्याभर पाणी कुणाच्या तरी मुळाशी गेल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. तुळस इथे नव्हती. मग तो तांब्या झुडपांना मिळू लागला. त्यामागून तांदूळ धुतलेलं पाणी. मग चहाचा चोथा. मग उरलेलं ताक. एकदा मी तिला रिमझिम पावसात छत्री धरून पाणी घालताना पकडलं.

"आई, पाऊस पडतोय."

"पाऊस सगळ्यांसाठी पडतो," ती म्हणाली. "हे मी यांना घालतेय."

यावर मी दिवसभर औषधांचे डोस मोजणाऱ्या माणसाला शोभेल असं भाषण दिलं. ती मान डोलावत ऐकत होती आणि हातातला तांब्या पदराआड सरकवत होती. ऑगस्टपर्यंत अकरातली दहा झाडं गेली. कमी पाण्यावर तगणारी झाडं आमच्या घरी अतिप्रेमानं बुडून मेली. उरलं ते कोपऱ्यातलं एक कोरोकिया, तेही मुळात मेल्यासारखंच दिसत असल्यामुळे आईनं त्याच्यावर पाणी वाया घालवलं नव्हतं म्हणून.

शेजारी एक ऐंशीच्या पुढची बाई राहते. शाळेत शिकवायची, आता निवृत्त. आमच्या दोन घरांमधल्या बुटक्या कुंपणावर तिच्या बाजूनं एक भलंमोठं झुडूप रेललेलं आहे. सुईसारखी पानं, आणि हिवाळ्यात त्याला लाल फुलं येतात. पाकळ्या नाहीतच, नुसते वाकडे दोरे, कुणीतरी केस विंचरायला विसरल्यासारखे. ते फुललं त्या पहिल्याच दिवशी आईनं त्याचं नाव ठेवलं: झिपरी.

पुण्याची माणसं सकाळी फिरायला जातात तेव्हा पायात बूट आणि हातात पिशवी असते. पिशवी फुलांसाठी. या फुलांचा एक अलिखित कायदा आहे: झाड ज्याचं त्याचं, पण कुंपणाबाहेर आलेलं फूल देवाचं. ज्यांच्या घरात देव नाहीत त्यांनाही हा कायदा मान्य असतो. जूनमध्ये झिपरी फुलली आणि आईच्या अंगातलं पुणं जागं झालं. मी बाथरूममध्ये असताना ती कुंपणापाशी जाऊन आमच्या बाजूची फुलं खुडायची. माझ्या स्वयंपाकघरात ओट्स आणि डाळीच्या डब्यांमागे आता देव आले होते, आणि त्यांच्यापुढे रोज एक झिपरा लाल गोंडा. मी बाबांच्या परंपरेला अनुसरून डबा हलवला नाही.

पाचव्या की सहाव्या दिवशी शेजारीणबाईंनी तिला रंगेहाथ पकडलं. आईनं मला नंतर जे सांगितलं ते असं: बाई ड्रेसिंग गाऊनमध्ये बाहेर आल्या, आई फूल पाठीमागे लपवून 'कीआ ओरा' हा इथला माओरी नमस्कार म्हणाली, कारण तेवढंच तिला सुचलं. बाई आत गेल्या. आईला वाटलं, आता पोलीस. बाई बाहेर आल्या त्या कात्री घेऊन, आणि त्यांनी स्वतःच्या बाजूची, वरची, चांगली टवटवीत फुलं कापून तिच्या हातात दिली. खुडू नकोस, काप, म्हणजे फांदी दुखत नाही, असं काहीतरी त्या बोलल्या. आईला इंग्रजी कळतं, बोलायचा कंटाळा येतो. बाईंना मराठी येत नाही, पण ऐकायचा कंटाळा येत नाही. झालं.

त्या दिवसापासून रोज सकाळी कुंपणाच्या दोन्ही बाजूंना दोन कप. झिपरीवर टुई यायचे. काळा-निळा चमकदार पक्षी, गळ्याखाली दोन पांढरे गोंडे, वकिलाच्या पांढऱ्या पट्ट्यांसारखे. तो आधी घंटेसारखा गोड वाजतो आणि मग अचानक घसा खाकरतो. आई म्हणायची, हा अगदी कोर्टात उभा राहिल्यासारखा करतो, आता अर्ज वाचणार. मग मराठीतून त्याच्या अर्जाचा मजकूर ती बाईंना सांगायची, आणि बाई हसायच्या. तिकीट अलीकडे आणण्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. एकदा तिनं उलट विचारलं की सहा महिन्यांचे जास्त करता येतात का.

मी त्या झाडाची इतकी ऋणी होते की त्याला काहीतरी द्यावं असं मला वाटलं. बागेच्या दुकानातून खताची एक पिशवी आणली. त्यावर ठळक लिहिलं होतं: ब्लड अँड बोन. आई आयुष्यभर शाकाहारी. तिनं पिशवी वाचली आणि ती उंबरठ्याच्या आत येऊ दिली नाही. ज्याची फुलं देवाला जातात त्याच्या मुळाशी रक्त आणि हाडं घालणार? मी तिला निसर्गचक्र समजावून सांगितलं. पिशवी गेली परत. शेजारीणबाईंना हे कळल्यावर त्यांनी आईचा हात धरला. या झाडाला फॉस्फेट मुळीच चालत नाही, त्या म्हणाल्या, हाडांचं खत घातलं असतं तर ते जळून गेलं असतं. शहाण्या माणसाला इथे संशय आला असता की आपल्याला या झाडाबद्दल काहीच माहीत नाही. मी मात्र घरात जाऊन पत्रक लिहायला बसले.

माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्रक. अर्थातच इंग्रजीत होतं. शीर्षक मराठीत सांगायचं तर 'उपटा आणि लावा'. मुद्दे सहा. पहिला, लॉन हे हिरव्या रंगाचं खोटं आहे. दुसरा, जे झाड उन्हाळ्यात तुमच्या नळाकडे बघत बसतं ते तुमचं झाड नव्हे, तुमचा मालक आहे. तिसऱ्यात मी पेट्रोलवर चालणाऱ्या गवतकापणी यंत्रापासून खासगी बोटींपर्यंत सगळ्यांचा समाचार घेतला होता. बोटींचा तिथे काय संबंध हे आता मलाही आठवत नाही, पण तेव्हा हात चालला होता. आणि चौथा: 'जे झुडूप मुळात या देशाचं नाही, ते कितीही सुंदर असलं तरी काढा. आजच.' बाबा वाचून खूश होतील असं वाटलं म्हणून तो 'आजच' मी जाड टाइपात टाकला.

मुखपृष्ठावर चित्र हवं होतं. या मातीतलं अस्सल, कमी पाण्यात फुलणारं, पक्ष्यांना जगवणारं झुडूप. मला दुसरं काही सुचलंच नाही. आई रांगोळीत तरबेज, तिला म्हटलं, तुझी झिपरी काढून दे. तिनं काळ्या पेनानं इतकी सुंदर फांदी काढली की तिच्यावर बसलेला टुई आता खाकरेल असं वाटत होतं. झाड इथलंच, याचा माझ्याजवळ बिनतोड पुरावा होता. टुई इथला, टुई दिवसभर याच झाडावर, म्हणजे झाड इथलं. याच न्यायानं मुंबईचा कावळा समोशातून उगवलेला ठरतो, पण ते नंतर कळलं.

ग्रंथालयात चाळीस प्रती काढल्या आणि वाटायला निघाले. आता न्यूझीलंडमध्ये पत्रकवाल्या घराण्याची काय शोभा होते ते ऐका. इथे जवळजवळ प्रत्येक पत्रपेटीवर पाटी असते: नो जंक मेल. मी तत्त्वाची माणूस. पाटी म्हणजे घरमालकाची इच्छा. बाबांना फोन लावला, तर ते म्हणाले, जाहिरात म्हणजे कचरा, विचार म्हणजे कचरा नव्हे. आईनं आणखी सोपं केलं.

"त्यांनी कचरा नको म्हटलंय. तू कचरा लिहिलायस का?"

"नाही."

"मग टाक की."

पण मी पाट्यांचा मान राखला. पूर्ण गल्लीत बिनपाटीची घरं निघाली सहा. त्यातली दोन रिकामी होती, एकात काम चालू होतं, एकाची पेटी गोगलगायींनी भरली होती. पाचव्या घरातल्या माणसानं माझ्यासमोरच पत्रकाची घडी करून डुगडुगत्या टेबलाखाली घातली. आणि सहावी पेटी शेजारीणबाईंची. कुणी पायपीट करून आणून दिलेला कागद न वाचणं हा उद्धटपणा आहे, असं मानणाऱ्या त्या जगातल्या बहुधा शेवटच्या बाई.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी मला कुंपणापाशी बोलावलं. पत्रक हातात, समासात पेन्सिलीच्या खुणा. आधी त्यांनी आईच्या चित्राचं कौतुक केलं. मग माझ्या दोन वाक्यांतली व्याकरणाची चूक दाखवली. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "चौथ्या मुद्द्यावर मी खूप विचार केला, डिअर. तुझं बरोबर आहे. शनिवारी मुलगा करवत घेऊन येतोय."

मी विचारलं, कसली करवत.

त्यांनी झिपरीकडे हात केला. "ही ग्रेव्हिलिया ऑस्ट्रेलियाची आहे. मला वाटलं तुला माहीत असेल. तू मुखपृष्ठावर छापलीस, म्हणजे नेमकी हीच काढायची असं सुचवलंस ना?"

मी वाकले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. झाडाच्या बुंध्याशी तारेनं बांधलेली एक पत्र्याची चपटी पट्टी होती. ग्रेव्हिलिया, आणि खाली बारीक अक्षरात, मूळ ऑस्ट्रेलिया. माझ्या पत्रकाच्या मुखपृष्ठावर ज्याची आरती होती, आतल्या पानात त्याचीच फाशी होती. लेखकाला शंभर लोकांनी वाचलं नाही तर वाईट वाटतं. त्याहून वाईट म्हणजे एकीनं वाचावं, आणि तिनं ते मनावर घ्यावं.

बाईंच्या मुलाला ते झाड कितीतरी वर्षं नको होतं. त्याच्याकडे ट्रेलरवरची एक बोट आहे, आणि झिपरीच्या फांद्या गाडी आत यायच्या वाटेवर आल्यामुळे ती बाईंच्या घरी लावता येत नव्हती. आजवर बाई नाही म्हणत आल्या होत्या. आता त्याला तात्त्विक अधिष्ठान मिळालं होतं. ते मीच पुरवलं होतं, तेही घरपोच.

घरात आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती.

"ऑस्ट्रेलियाची आहे ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्यांनी पहिल्या आठवड्यातच सांगितलं. आपल्याकडे सिल्व्हर ओक असतात ना, माझ्या शाळेच्या रस्त्याला दोन्हीकडे होते, त्यांच्याच घराण्यातली आहे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? चित्र काढ म्हणालीस. काढलं."

"आणि पत्रकात काय लिहिलंय ते?"

"तुझ्या बाबांची तरी मी कुठे वाचत होते? वाटत होते." मग कणकेवरून हात काढून तिनं माझ्याकडे पाहिलं. "पण काय गं, इथलं नसेल ते काढा म्हणतेस. आपण कुठल्या?"

मी म्हटलं, माणसं वेगळी, झुडपं वेगळी. जंगलात पसरून इथल्या झाडांचा गळा दाबणाऱ्या वेली खरोखर आहेत, त्या उपटायलाच हव्यात, आणि यावर मी आजही ठाम आहे. आई म्हणाली, असशील. मग तिनं पोळी लाटायला घेतली आणि माझ्याकडे पाठ करूनच ते बोलली, जे मी चार महिने ऐकायला घाबरत होते.

"झाड गेलं तर बाई सकाळी बाहेर यायच्या नाहीत. मग माझं तिकीट बघ."

बाबांना फोन लावला. आमच्या घरात एक नियम होता: छापलेलं मागे घ्यायचं नाही. मी सगळं सांगितलं. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. एकदा त्यांनी सभेच्या पत्रकावर वार चुकीचा छापला. लोक आले तेव्हा हॉलला कुलूप होतं. बाबांनी पायऱ्यांवर उभं राहून भाषण केलं आणि सांगितलं की बंद दारासमोर सभा घेणं हाच निषेध आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्तमानपत्रातही आलं. "अजून लाज वाटते," ते म्हणाले. "दुसरं पत्रक काढ. आणि चूक बारीक अक्षरात कबूल करू नकोस."

शुक्रवारी कामावरून सुटल्यावर ग्रंथालयात जाऊन मी दुसरं पत्रक काढलं. वर मोठ्या अक्षरात: 'मी चुकले.' खाली: मुखपृष्ठावरचं झाड इथलं नाही. मी त्याची पट्टी वाचली नव्हती. ते पाणी मागत नाही, पसरत नाही, हिवाळ्यात इतर फुलं नसताना इथल्या पक्ष्यांना मध देतं. नवं झाड लावाल तेव्हा आधी इथलंच शोधा. पण जे उभं आहे आणि कुणाचा गळा दाबत नाही, त्याला हात लावू नका. शेवटी 'आजच' लिहिलं नाही. सवयीनं एकदा टाइप झालं होतं, ते खोडलं.

शनिवारी सकाळी मुलगा आला. ऑगस्टच्या थंडीत अर्धी चड्डी आणि जॅन्डल्स नावाच्या रबरी चपला, एका हातात विजेची करवत, दुसऱ्या हातात माझं पत्रक. चेहरा इतका प्रसन्न की राग येईना. मी कुंपण ओलांडून त्याच्या आणि झिपरीच्या मध्ये उभी राहिले. झाडाला मिठी मारावी असं मनात आलं होतं, पण ग्रेव्हिलियाची पानं टोचतात.

"मुद्दा चौथा," तो म्हणाला. "तूच लिहिलंयस. आजच, असं लिहिलंयस. तेही ठळक."

मी त्याला दुसरं पत्रक दिलं. त्यानं करवत खाली ठेवली आणि ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं. शेजारीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनीही एक प्रत मागून घेतली आणि खिशातून पेन्सिल काढली.

"म्हणजे पहिलं चुकीचं होतं," तो म्हणाला.

"हो."

"पूर्ण?"

मी गवताबद्दल बोलणार होते. बोटींबद्दलही बोलणार होते. "चौथा मुद्दा," मी म्हटलं.

"ठीक. पण माझी बोट?"

याला माझ्याकडे पत्रक नव्हतं. एवढ्यात आमच्या बाजूनं आई आली, आंघोळ झालेली, हातात सवयीनं तांब्या. तिनं परिस्थिती पाहिली. मग माझ्या अंगणाच्या त्या उघड्या, चिखलट तुकड्याकडे, जिथे दहा झुडपांना तिनं प्रेमानं निरोप दिला होता, तिकडे बोट केलं आणि गेल्या चार महिन्यांतलं तिचं सर्वांत लांब इंग्रजी वाक्य बोलली.

"यू पुट बोट हिअर. नो प्रॉब्लेम. हिअर नथिंग इज ग्रोइंग."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. झिपरीवरच्या टुईनं घसा खाकरला. माझ्या पत्रकातला तिसरा मुद्दा मला शब्दशः पाठ होता आणि त्यातले बोटींविषयीचे शब्द फार कडक होते. माझ्या मुक्त केलेल्या जमिनीवर, लॉनविरहित, तत्त्वनिष्ठ जमिनीवर, एक पेट्रोल पिणारी बोट.

"लाव," मी म्हणाले.

"स्वीट ॲझ," तो म्हणाला, म्हणजे आपलं 'झकास', आणि ट्रेलर आणायला गेला.

बोट अजून तिथेच आहे. कोपऱ्यातलं कोरोकिया तिच्या सावलीतून अंग काढून वर येऊ लागलंय. ते जिवंत आहे हे आता आईलाही दिसतं, पण तिला तिथे तांब्याभर पाणी घालता येत नाही, कारण बोटीनं वाट अडवली आहे, आणि तेच त्याच्या पथ्यावर पडलं असावं. दसऱ्याला आईनं माझ्या सायकलची पूजा केली आणि मग, विचारल्याशिवाय, बोटीची. पुढच्या टोकाला हळद-कुंकू, आणि झेंडू न मिळाल्यामुळे झिपरीच्या फुलांची माळ. मुलानं त्याचा फोटो काढून मित्रांना पाठवला. मी अंधश्रद्धेवर दोन शब्द बोलले. कुणी ऐकलं नाही. बाई कुंपणावरून कात्री सरकवत होत्या, आई त्यांना त्या दिवशी टुईनं कोणता अर्ज केला ते सांगत होती, आणि तिचा मुक्काम आम्ही आणखी सहा महिन्यांनी वाढवला होता.

मी पत्रकं काढणं सोडलेलं नाही, सोडणारही नाही. एखादं कधी तुमच्या पेटीत येईल, तुम्ही पाटी लावली नसेल तर. तेव्हा एक करा. वाचा जरूर, पण करवत उचलण्याआधी ते लिहिणारीला घरातून बाहेर बोलवा, तिला त्या झाडापाशी न्या, वाकायला लावा आणि पट्टी मोठ्यानं वाचायला सांगा. पट्टी नसेल तर ते झाड ज्यानं लावलं त्याला विचारा. आणि ती येईपर्यंत वाट पाहायची तुमची तयारी नसेल, तर हे पान खाली ठेवा, दार उघडा आणि तुमच्या दारासमोरच्या झुडपापाशी स्वतः वाका.

आजच.